पॅराथायरॉइड आणि रक्तातलं कॅल्शियम: रक्त द्यायला येणारे जे विचारतात

ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये मी गेली २२ वर्षं रक्त घेते आणि तपासते. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं काउंटरवर जे विचारतात, त्यातले पॅराथायरॉइडचे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध घ्यायचं, ऑपरेशन करायचं की नाही, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण या आजारानं माझ्या आईची चार वर्षं खाल्ली. रिपोर्टवरचे दोन आकडे कुणी शेजारी ठेवून पाहिले नाहीत, एवढ्यासाठी ती वर्षं वाया गेली. म्हणून जे लिहिलंय ते कळकळीनं लिहिलंय.

मला थायरॉइड आहे. हे तेच ना?

नाही. रोज कुणी ना कुणी हे विचारतंच. थायरॉइड ही गळ्यात पुढच्या बाजूला असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. पॅराथायरॉइड तिच्या मागच्या बाजूला चिकटून असतात. त्या बहुतेकांना चार असतात, काहींना तीन किंवा पाच. प्रत्येक ग्रंथी साधारण मसुरीच्या दाण्याएवढी. दोघी शेजारणी आहेत, नावही जवळजवळ सारखं आहे, पण कामाचा एकमेकींशी संबंध नाही. थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या माणसाच्या पॅराथायरॉइड ठणठणीत असू शकतात. उलट, टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, अगदी उत्तम आली म्हणून पॅराथायरॉइड ठीक आहेत असंही नाही. टीएसएचमध्ये त्यांचा काहीच पत्ता लागत नाही.

मग या ग्रंथी करतात तरी काय?

रक्तातलं कॅल्शियम एका ठरावीक पातळीवर ठेवतात. हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, नसांमधून जाणारे संदेश या सगळ्यांना ते अगदी मापात लागतं. बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी खाली गेलं की तो उघडतो, टाकी भरली की बंद होतो. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की या ग्रंथी पॅराथायरॉइड हार्मोन सोडतात, म्हणजेच पीटीएच. पातळी भरली की थांबतात.

पीटीएच तीन ठिकाणांहून कॅल्शियम मिळवतं. पहिलं हाड. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, तिथून ते थोडं थोडं सोडवून आणतं. दुसरं मूत्रपिंड. लघवीवाटे जाणारं कॅल्शियम ते परत खेचायला लावतं आणि त्याच वेळी फॉस्फेट बाहेर घालवतं. तिसरं आतडं, पण तिथे ते थेट पोचत नाही. मूत्रपिंडाकडून ड जीवनसत्त्व कामाला लागेल अशा रूपात बदलून घेतं, मग आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषतं.

चारांपैकी एखादी ग्रंथी वाढली आणि तिनं ऐकायचं बंद केलं, की बॉलकॉक उघडाच अडकतो. टाकी भरून वाहायला लागते आणि ते पाणी येतं हाडांतून. याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. १०० पैकी साधारण ८० ते ८५ जणांत दोष एकाच ग्रंथीचा असतो. तिच्यात अ‍ॅडिनोमा नावाची साधी गाठ झालेली असते. बाकीच्या बहुतेकांत एकापेक्षा जास्त ग्रंथी वाढलेल्या असतात.

कॅल्शियम ११.१ आलंय आणि पुढे ‘एच’ छापलंय. घाबरू का?

‘एच’ म्हणजे ‘हाय’, ठरलेल्या मापापेक्षा जास्त. घाबरू नका, पण रिपोर्ट घडी करून कपाटातही टाकू नका. बहुतेक लॅबमध्ये मोठ्या माणसांसाठी ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असा पल्ला धरतात, थोडा इकडे-तिकडे.

पहिलं काम, तपासणी परत करणं. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला आणि वर मूठ उघड-मीट करायला लावली, तर एकूण कॅल्शियम थोडं वाढलेलं दिसतं. नस सापडत नसली की आमच्याकडून हे घडतं. म्हणून पुन्हा रक्त देताना सांगा, ‘कॅल्शियमसाठी आहे, पट्टा लवकर सोडा.’ कुणी रागावणार नाही.

दुसरं, सोबत अल्ब्युमिन तपासा. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम या प्रथिनाला चिकटून फिरतं, त्यामुळे अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमही कमी दिसतं आणि खरी वाढ झाकली जाते. डॉक्टर त्यासाठी एक हिशोब करतात. अल्ब्युमिन ४ पेक्षा जेवढं कमी, त्याच्या ०.८ पट कॅल्शियममध्ये मिळवायचं. अल्ब्युमिन ३ आणि कॅल्शियम १०.२ असेल, तर ते ११ धरायचं. शंका उरली तर आयनाइज्ड, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम मोजतात. त्या नमुन्याला हवा लागून चालत नाही, म्हणून तो लगेच तपासावा लागतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: त्याच वेळी, त्याच रक्तातून पीटीएच मागा. आज कॅल्शियम आणि चार महिन्यांनी पीटीएच अशी जोडी लावून काही कळत नाही.

ताई, पीटीएच तर नॉर्मल आलं. म्हणजे सुटलो ना?

इथे थांबा. एवढ्या एकाच उत्तरासाठी हे पान लिहिलं असं समजा.

माझ्या आईचा रिपोर्ट सांगते. कॅल्शियम ११.३, पीटीएच ६२. छापलेला पल्ला १५ ते ६५. पीटीएचपुढे ‘एच’ नव्हता, कागदावर सगळं काळ्या शाईत. ज्यांना दाखवलं त्यांनी पीटीएचवरून बोट फिरवलं, ‘नॉर्मल आहे’ म्हणाले आणि कागद परत दिला. मीही तो घेऊन घरी आले. रोज असले शंभर कागद हाताखालून जातात, तरी मला दिसलं नाही, हे मला अजून लागतं.

पुन्हा बॉलकॉकवर या. टाकी भरून वाहतेय, तर बॉलकॉक पूर्ण बंद हवा. कॅल्शियम ११.३ असताना निरोगी ग्रंथींनी गप्प बसायला हवं आणि पीटीएच पल्ल्याच्या तळाला किंवा त्याहून खाली जायला हवं. ते ६२ आहे याचा अर्थ कॅल्शियम चढलेलं असूनही ग्रंथी काम करतेच आहे. पल्ला छापलेला असतो तो कॅल्शियम ठीक असलेल्या माणसांसाठी. कॅल्शियम वर आणि पीटीएच वर किंवा ‘नॉर्मल’, दोन्हीचा रोख प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझमकडेच जातो.

कॅल्शियम वर आणि पीटीएच अगदी खाली असेल, तर वाट वेगळी. तिथे डॉक्टर ड जीवनसत्त्वाचा अतिरेक, क्षयरोग किंवा सार्कॉइडसारखे आजार आणि काही कॅन्सर शोधतात. ते काम तातडीचं असतं.

याची लक्षणं काय? मला तर काहीच होत नाही.

अनेकांना खरंच काही होत नाही, नेहमीच्या तपासणीत आकडा सापडतो. बाकीच्यांना जे होतं ते इतकं रोजचं असतं की त्याला कुणी आजार म्हणत नाही. थकवा, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि सारखी लघवी, अंग दुखणं, विसराळूपणा, उदास वाटणं. पन्नाशीच्या बाईनं हे सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘वयानं होतं, पाळी गेली ना.’ हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत तीन-चार पट जास्त आढळतो, आणि तोही बहुतेकदा पाळी गेल्यानंतरच्या काळात. म्हणजे ज्यांना तो होण्याची शक्यता जास्त, त्यांनाच वयाचं कारण देऊन घरी पाठवलं जातं.

आईला दोनदा मूतखडा झाला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा तिनं तो चहाच्या गाळणीत धरला आणि डबीत घालून मला दाखवला, तांबूस, काटेरी, ज्वारीच्या दाण्याएवढा. वर्षभरानं ती बाथरूममध्ये घसरली. नुसता हात टेकला तर मनगट मोडलं. खड्याचे डॉक्टर वेगळे, हाडाचे वेगळे. हाडाच्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या आणि रक्तातलं कॅल्शियम कुणी पाहिलं नाही. परत परत मूतखडे होत असतील, किंवा थोडक्यात हाड मोडलं असेल, तर रक्तातलं कॅल्शियम बघायला सांगा. ती तपासणी स्वस्त आहे आणि बहुतेक सगळ्या लॅबमध्ये होते.

हाडांसाठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन करायला सांगितला, तर कंबर आणि खुब्याबरोबर मनगटाजवळचं हाडही मोजायला सांगा. या आजारात हाडाचं कडक बाहेरचं कवच आधी झिजतं, आणि ते हाताच्या हाडात नीट कळतं.

उलट्या, ग्लानी, बडबड, खूप तहान असं एकाएकी झालं, तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका. कॅल्शियम १४ च्या पुढे गेलं की जिवावर बेतू शकतं. थेट कॅज्युअल्टीत न्या.

कॅल्शियम वाढलंय, तर दूध, नाचणी बंद करू?

नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. वाढलेलं कॅल्शियम ताटातून आलेलं नाही, हाडातून आलेलं आहे. ताटातलं तोडलं तर ग्रंथीला आणखी निमित्त मिळतं आणि ती हाडं जास्त पोखरते. नाचणीची भाकरी, दही, तीळ, मांदेली, जवळा हे जसं खात होता तसंच बेतानं खा. गोळ्यांची गोष्ट वेगळी. कॅल्शियमच्या गोळ्या आणि अँटासिडच्या चघळायच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

खाण्यापेक्षा पाण्याकडे बघा. ठाण्याहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्या कितीतरी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण लोकलमध्ये बाथरूम नाही आणि स्टेशनवरचं वापरवत नाही. या आजारात तसं करणं धोक्याचं आहे. अंगातलं पाणी कमी झालं की कॅल्शियम आणखी चढतं आणि खडेही होतात. बाटली जवळ ठेवा, घोट घोट प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

ड जीवनसत्त्व कमी आलंय. त्यानंही पीटीएच वाढतं का?

वाढतं. टॉवरमध्ये राहणाऱ्यांचे, दिवसभर एसी ऑफिसात बसणाऱ्यांचे असे रिपोर्ट मी रोज पाहते. ड कमी म्हणून आतडं कॅल्शियम नीट शोषत नाही, म्हणून ग्रंथी जास्त कामाला लागतात. तिथे कॅल्शियम कमी किंवा नॉर्मल असतं. याला सेकंडरी म्हणतात. ड भरून काढलं की पीटीएच बहुधा हळूहळू उतरतं.

गुंता होतो तो दोन्ही आजार एकत्र असले तर. ड कमी असल्यामुळे कॅल्शियम दबून नॉर्मल दिसतं, आणि ड दिल्यावर ते वर चढतं. म्हणून पीटीएच जास्त असणाऱ्यांनी ड घेताना मधून मधून कॅल्शियम तपासावं. आणि ६०,००० युनिटचं ते सॅशे आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, सांगितलंय तेवढेच आठवडे. घोडबंदर रोडवरून आलेले एक काका ते रोज दुधातून घेत होते. ‘पावडरच तर आहे ताई,’ म्हणाले. त्यांचं कॅल्शियम १३ च्या वर होतं आणि पीटीएच जवळपास शून्य.

बाबा डायलिसिसवर आहेत. त्यांचं पीटीएच ५०० च्या पुढे आहे.

मूत्रपिंड निकामी असताना पीटीएचचे आकडे वेगळ्या मापानं वाचतात. शेजारच्या काकूंच्या रिपोर्टशी तुलना करू नका. फॉस्फेट साठतं, ड चं रूपांतर होत नाही, म्हणून ग्रंथी सतत ताणाखाली असतात. वर्षानुवर्षं असं चाललं तर त्या स्वतःच्याच मर्जीनं चालायला लागतात आणि मग कॅल्शियमही वाढतं. त्याला टर्शरी म्हणतात. फॉस्फेट अडवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच द्या, नंतर आठवण झाली म्हणून दिलेल्या वाया जातात. बाकी त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारा.

गाठ आहे म्हणजे कॅन्सर?

शंभरात एकापेक्षाही कमी वेळा.

२४ तासांची लघवी कशाला? कॅन घेऊन रिक्षात बसायची लाज वाटते.

कळव्याच्या एका काकांनी तो पाच लिटरचा कॅन दिवाळीच्या फराळाच्या पिशवीत घालून आणला होता. तुम्हीही आणा, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. ही तपासणी टाळू नका. काही घराण्यांत कॅल्शियम जन्मापासूनच जरा जास्त असतं, पीटीएचही तसंच, पण त्यांना त्रास होत नाही आणि ऑपरेशनचा उपयोग होत नाही. त्यांच्या लघवीत कॅल्शियम फार कमी उतरतं. हा फरक या कॅनमुळे कळतो. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, नंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. एखादी वेळ चुकली तर तसं सांगा, नवीन कॅन देऊ. चुकलेल्या कॅनवरून रिपोर्ट देण्यापेक्षा ते बरं.

तपासणीला उपाशी यायचं का?

डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सकाळी उपाशी या, पाणी पिऊन या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे पीटीएच खोटं कमी दिसतं, म्हणून दोन-तीन दिवस आधी त्या थांबवायला सांगतात. बीपीच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं, आणि मनाच्या आजारावर लिथियम देतात. यांनी कॅल्शियम वाढू शकतं. गोळ्यांची पाकिटं घेऊन या, पण स्वतःहून काही बंद करू नका.

स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही. म्हणजे आजार नाही?

आजार आहे की नाही हे रक्त सांगतं. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन हे सर्जनसाठी नकाशे आहेत, कुठल्या बाजूला शोधायचं ते कळावं म्हणून. नकाशात गाव दिसलं नाही म्हणून ते गाव नाहीसं होत नाही. या ग्रंथी लपण्यात पटाईत आहेत, कधी छातीतही सापडतात. चार्ल्स मार्टेल नावाच्या अमेरिकन जहाजाच्या कप्तानावर सात वेळा शस्त्रक्रिया झाली, तेव्हा १९३२ मध्ये त्याची गाठ छातीत सापडली. तोवर हाडं खचून त्याची उंची काही इंचांनी घटली होती. या ग्रंथींचा शोधही असाच उशिरा लागला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये एक भारतीय गेंडा मेला, त्याच्या विच्छेदनात शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनना ही ग्रंथी दिसली. माणसातली तिची नोंद स्वीडनच्या इवार सँडस्ट्रोम या विद्यार्थ्यानं १८८० मध्ये केली.

ऑपरेशन करावंच लागतं का?

कायमचा उपाय तोच आहे, पण सगळ्यांना लगेच लागत नाही. कॅल्शियम पल्ल्याच्या वरच्या टोकापेक्षा १ मिलिग्रॅमहून जास्त असेल, डेक्साचा टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल, मणका दबला असेल, मूतखडे असतील, मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल, किंवा वय ५० च्या आत असेल, तर डॉक्टर शस्त्रक्रियेकडे झुकतात. तशा काही खुणा नसतील तर ठरावीक काळानं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि डेक्सा करत लक्ष ठेवता येतं. ऑपरेशन शक्य नसेल तर सिनाकॅल्सेट नावाचं औषध कॅल्शियम उतरवतं, हाडांसाठी वेगळी औषधं आहेत. पण वाढलेली ग्रंथी त्यांनी जात नाही.

सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: ‘तुम्ही ही ऑपरेशनं नेहमी करता का?’ सराव असलेल्या हातात शंभरातल्या ९५ पेक्षा जास्त जणांचं काम पहिल्याच वेळी होतं.

ऑपरेशनमध्येच रक्त कशाला घेतात?

पीटीएच रक्तात काही मिनिटांतच ओसरतं. म्हणून ग्रंथी काढल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा नमुना घेतात. आकडा निम्म्याहून जास्त घसरला तर बरोबर ग्रंथी निघाली असं समजतात. आईच्या वेळी मी बाहेर बाकावर बसले होते. आतून निरोप आला, ‘उतरलं.’ नंतर सर्जननी बाटलीतली गाठ दाखवली. मसुरीएवढी असायला हवी ती चिकूच्या बीएवढी झाली होती, तपकिरी, गुळगुळीत.

घरी आल्यावर काय जपायचं?

ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या. बाकीच्या ग्रंथी बरेच दिवस झोपलेल्या असतात, शिवाय भुकेली हाडं कॅल्शियम ओढून घेतात. म्हणून रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ शकतं. गोळ्या दिलेल्या असतात त्या चुकवू नका, मुंग्या वाढल्या किंवा हात वळायला लागले तर लगेच फोन करा. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि कॅल्शियम यात चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट लागत नाही. आवाज काही दिवस घोगरा राहू शकतो, कारण आवाजाची नस तिथूनच जाते. तो बराच काळ तसाच राहिला तर दाखवा. सहा महिन्यांनी कॅल्शियम नॉर्मल असेल तर आजार बरा झाला असं धरतात.

दाखवायचं कुणाला आणि कुठे?

एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना. खर्चाची चिंता असेल तर कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीपासून सुरुवात करता येते. नवी मुंबईत नेरुळ आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. परळच्या केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. ठाण्याहून थेट लोकल, वाशीकडून कुर्ल्याला गाडी बदलायची. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या. आईचे एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते, किराणाच्या बिलांसोबत. मी ते तारखेनं लावले आणि प्रत्येक कॅल्शियमचा आकडा एका कागदावर उतरवला: १०.७, १०.९, ११.२, ११.३. खाली पीटीएच ६२. नव्या डॉक्टरीणबाईंनी तो एक कागद वाचला, चष्मा काढला आणि आईला विचारलं, ‘आजी, तुम्हाला मूतखडे झालेत का हो कधी?’